आबाचा उजवा गुडघा

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज आबानं मायला लाथ घातली. तिच्याकडून एक मेंढी रानात मागं राहिली, एवढंच कारण. लाथ उजव्या पायाची. त्याच गुडघ्याची!

चार वर्षं आबाला तो गुडघा वाकवता येत नव्हता. लई ओरडायचा. मायनंच विळा तापवून त्यावर दोनदा डाग दिला, लंगड्या मेंढीला देतात तसा. उपयोग शून्य. शेवटी मीच त्याला बीडला नेलं. डॉक्टरांनी सुई घालून दुखणं पोचवणारी नस जाळली. म्हणले, झीज तशीच राहील, फक्त दुखणार न्हाई. आबा कळपामागं चालायला लागला तेव्हा मी गावात पेढे वाटले. पेढे! त्या चार वर्षांत मायनं एकदाही मार खाल्ला नव्हता, हे माझ्या कसं ध्यानात आलं नाही?

मी काठी उचलली. नेम उजव्या गुडघ्यावरच धरला होता. मायनं मनगट पकडलं. "बापावर हात उचलतो का रं?"

मग चुलीपाशी बरगडी शेकत हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणलं होतं ना, जाळलेली नस परत उगवती म्हणून? कवा उगवती रं?"