घर कुलूपबंद आढळले

११ फेब्रुवारी, बुधवार
मनीषनगरला चुलतभावाचं साक्षगंध. उमरेडला गृहभेटीला जायचं होतं, गेलो नाही. अंगठ्या झाल्या, जिलेबी दोनदा वाढून घेतली. चारला बालगृहात परत.
इथल्या पायलचा अहवाल आजच हवा होता. तिच्या आईचा टीबी बरा होऊन चार महिने झाले, पोरगी परत मागून राहिली आहे, आणि घर कसं आहे ते बालकल्याण समितीला मी पाहून सांगायचं. लिहिलं : ‘सकाळी ११.३० वा. गृहभेट दिली असता घर कुलूपबंद आढळले.’ वेळसुद्धा टाकली. अडचणीत सगळेच हे वाक्य लिहितात. फार तर पंधरा दिवस पुढची तारीख पडेल, तेवढ्यात जाऊन येऊ.

१३ फेब्रु., शुक्र.
समितीनं पुढची तारीख दिली. पंधरा दिवस नाही, तीन महिने. ‘आईची घरी उपस्थिती अनिश्चित.’ माझ्याच वाक्यावरून. मी समोर बसून मान हलवली.
पायलला सांगायचं कामही माझंच. घरी जायचं म्हणून तिनं रंगपेटी मैत्रिणीला देऊन टाकली होती. आता परत मागायची लाज वाटते म्हणाली. नऊ वर्षांच्या पोरीला लाज वाटते, आणि मी घरी जाऊन जेवलो.

१६ फेब्रु., सोम.
पायलची आई, वनमालाबाई, सकाळच्या एसटीनं आल्या. मिरचीच्या सातऱ्यावर, वाळवणाच्या मैदानात, देठं खुडायला जातात. हाताचा तिखटपणा जात नाही, म्हणून पोरीच्या तोंडाला हात लावत नाहीत. मनगटानंच केस मागं सारतात.
मग माझ्या टेबलापाशी. वाटलं भांडणार. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.
“सर, माफ करा. तुम्ही आले अन् मी घरी नव्हती.”
या आठवड्यात येतो असं मीच फोनवर सांगितलं होतं. बाईनं आठवडाभर खाडे केले आणि दारात बसून राहिली. बुधवारी नळावर गेली होती थोडा वेळ, तेव्हाच मी आलो असेन, असं तिनंच जुळवलं. कुलूप लावल्याचं आठवत नाही म्हणाली, पण लावलं असन. शेजारच्या गिरजाबाईला सांगून गेली होती, साहेब आले तर बसव. गिरजाबाई म्हणते कोणीच आलं नाही.
“म्हातारी खोटं बोलून राहिली, सर. साऱ्या गल्लीसमोर खोटारडी म्हटलं मी तिले.”
यावर मी काय बोललो? “होतं असं कधी कधी.”
शेण खाल्लं. दुसरा शब्द नाही.

१८ फेब्रु., बुध.
अधीक्षक मॅडमना सांगितलं. ओरडल्या नाहीत. दार लोटून घेतलं. म्हणाल्या, जाऊन या, ‘दुसरी गृहभेट’ म्हणून चांगला अहवाल द्या, तारीख अलीकडे आणायची विनंती मी करते. पहिल्याला हात लावू नका. एक खोटी निघाली तर तुमच्या आजवरच्या सगळ्या भेटी उघडतील.
सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, इथं तरी कबूल करतो.
हे एकच कुलूप नाही. याआधीही लावली आहेत. किती, ते आठवायला बसत नाही.

२० फेब्रु., शुक्र.
उमरेड. एक खोली, सारवलेली. पायलसाठी दोरीवर नवा फ्रॉक, घडी न मोडलेला. चहात साखर जास्त, पाहुण्याला देतात तशी. सगळं चांगलं लिहीत गेलो.
मग तो रकाना : आई कामावर असताना बालकाची काळजी कोण घेईल?
वनमालाबाईंनी कपबशा उचलल्या. महिन्याभरापूर्वी विचारलं असतं तर एका दमात उत्तर होतं : गिरजाबाई. टीबीत तिनंच डबे दिले, दवाखान्यात तीच बसली. आता मधल्या कुडाच्या दोन्ही बाजूंनी बोलणं बंद.
निघताना म्हातारी ओट्यावर होती. “साहेब, बुधवारी मी दिवसभर इथंच बसून होती. माह्ये डोळे नाही गेले अजून.”
मी फाइलची दोरी बांधत राहिलो. रकाना कोराच.

२१ फेब्रु., शनि.
प्रतापनगरच्या चौकात गिरजाबाईसारखी एक बाई दिसली तर रस्ता ओलांडून पलीकडं गेलो. चोराच्या मनात चांदणं. बायकोनं विचारलं काय झालं. म्हटलं, ऊन.

२३ फेब्रु., सोम.
सुट्टी टाकून परत उमरेड. वनमालाबाई सातऱ्यावर होत्या, म्हणून आधी गिरजाबाईंना सांगितलं. मी आलोच नव्हतो. तुम्ही खरं बोलत होता.
“मले एकटीले काहून सांगता? ती मले नळावर बोलली. तिथं सांगा.”
संध्याकाळचं पाणी पाचला येतं. दहाबारा बाया, पाण्याचे पितळी गुंड, बादल्या. वनमालाबाई कामावरून थेट तिथंच आल्या. सांगितलं. मागच्या एकीनं “काय म्हणते साहेब?” विचारलं म्हणून पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं. कुठं होता मग, असंही कोणीतरी विचारलं. साक्षगंधाला, म्हटलं.
वनमालाबाई पुढं झाल्या. गिरजाबाईंचा भरलेला गुंड उचलून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. म्हातारी मागून : “राहू दे वं, तुही कंबर दुखन.” मग माझ्याकडं न बघता, “लिहा माह्यं नाव.” रकाना भरला.
वाटलं, आता उरलं समितीला सांगणं. मॅडमच्या विनंतीवरून तारीख अलीकडे आली, उद्याच बैठक. तसं वनमालाबाईंना म्हटलं. त्यांनी पदराला हात पुसले.
“तुम्ही खोटं लिहिलं म्हणून सांगान, तं हा आजचा कागद तरी कोण खरा मानन, सर? पोरगी तुमच्या चौकशीतच अडकन.”
मी फाइल काखेत धरली.
“नाही सांगितलं तं येते का ती?”
बहुतेक येते, म्हटलं.
“मंग मी काय सांगू तुम्हाले,” म्हणाल्या, आणि घरात गेल्या.

२४ फेब्रु., मंगळ.
अकराला बैठक. कबुलीचा अर्ज लिहिला आहे, चार ओळी. सही केलेली नाही. वनमालाबाई फाटकाशी येऊन बसल्या आहेत. पायल खिडकीतून आईला हात करते आहे. दहा वाजून गेले.