घोरपडीची चाकं आणि हद्दीचा चिरा

११ जानेवारी, रविवार
घोरपड आज पहिल्यांदा रिमोटला हात न लावता चिऱ्यापर्यंत गेली. अंगणाच्या पायरीपासून सड्यावरच्या, कातळाच्या माळावरच्या, हद्दीच्या चिऱ्यापर्यंत ११८.३ मीटर. चाकाचे फेरे मोजून तिचं तीच सांगते. सकाळची वेळ, गवतावर दंव, चाकं मधेच नुसती गरगरत होती, पण थांबली नाही. चिऱ्याचा फोटो काढून परत आली.
पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन अडीच वर्षं. त्यातली दोन या सहा चाकांच्या गाडीत गेली. मंगळावर गाडी फिरते तशी माझी घोरपड कातळावर फिरते.
दिनू टाळ्या वाजवत होता. सांगाडा त्यानेच वेल्ड केलेला. जयगडला बंदरात क्रेन दुरुस्त करतो, हात सफाईदार. चुलतभाऊ असला तरी सख्ख्यासारखा. हे वाक्य मी सारखं का लिहिते?

२५ जानेवारी
दिनू नवी चाकं घेऊन हजर. न सांगता केलेली. लोखंडी रिंगा, वरून सायकलच्या टायरच्या पट्ट्या. "तुझी ती पाइपची टोपणं कातळावर घसरतात गो ताई." खरंच घसरतात. कॅमेराही खाली घे म्हणाला, वारा लागून हलतो. घेतला.
जुनी, टोपणांची सहाही चाकं पिशवीत भरून नेली. "भंगारात टाकतो."
चाकं सुंदर झालीत. तसं त्याला सांगितलंही.

८ फेब्रुवारी
वैशाली ताक घेऊन आली. दिनूची बायको, सहसा घाईत असते, आज बसली. सड्याच्या कडेचा रस्ता रुंद होणार म्हणे. पुण्याचे कोणी लोक जागा बघून गेले. "तुम्हाला नाही सांगितलं ह्यांनी?"
नाही सांगितलं.
आठवड्यातून दोनदा येतो. मोटर, बॅटरी, बेअरिंग, सगळ्यावर बोलतो. हे तेवढं राहिलं. विसरला असेल.
बाबा आणि काकांनी वाटणी तोंडी केली. चिऱ्याच्या अलीकडे आमचं, पलीकडे त्यांचं. कागद नाही. सातबाऱ्यावर अजून दोघांची नावं एकत्र.

८ मार्च
महिनाभर घोरपड पडवीत पडून होती, मोटरचं सर्किट जळलेलं. आज नव्या चाकांवर पहिली पूर्ण फेरी.
११४.७.
चाकाचा व्यास परत मोजला. बरोबर. प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. बरोबर. दुसरी फेरी ११४.८.

९ मार्च
तीस मीटरचा टेप, दगडाखाली टोक दाबून, चार वेळा सरकवून, एकटीने. ११४.८.
म्हणजे आज घोरपड खरं सांगतेय. मग जानेवारीत? चाक घसरलं की फेरे जास्त भरतात आणि अंतर जास्त दिसतं. साडेतीन मीटर घसरली असेल.
नाहीतर चिरा साडेतीन मीटर माझ्या बाजूला आला.
लिहिताना हात थांबला. पण लिहिलं.

११ मार्च
दोन्ही फोटो शेजारी ठेवून बसले. जानेवारीत करवंदीची जाळी चिऱ्याला चिकटून, मागे. आता जाळी लांब, मधे मोकळा कातळ. पण कॅमेरा खाली आलाय, कोन बदलला, लांबचं आणखी लांब दिसणारच.
कॅमेरा खाली घ्यायला कोणी सांगितलं? दिनूने. चाकं कोणी बदलली? दिनूने. जुनी चाकं कुठे आहेत?
अशी मी नव्हते. की होते, आणि एकटं राहिल्यावर कळतंय?

१५ मार्च
ताकाचा तांब्या परत द्यायला दिनूकडे गेले. परसात कोंबड्या पाणी पीत होत्या. ज्यातून पीत होत्या ते माझं चाक. आसाचं भोक सिमेंटने बुजवलेलं.
वैशालीला म्हटलं, "हे भंगारात टाकलं होतं ना?"
"छे हो. सगळी आहेत मागे. टाकू द्यायचे नाहीत हे काही."
मागे बघितलं. बाकीचं एकही नव्हतं. ती म्हणाली, मग दिली असतील कोणाला तरी.
दोघांपैकी एकाला ठाऊक नाही, किंवा दोघांनाही नीट ठाऊक आहे.

२२ मार्च
बाजारातून तसलीच सहा टोपणं आणली. भोकं पाडली, बसवली. घोरपड जुन्यासारखी करून पायरीवर ठेवली आणि सोडली.
११६.४.
हसूच आलं. ना इकडचं, ना तिकडचं. घसरते हे नक्की. किती घसरते ते नक्की नाही. तेव्हा दंव होतं, आता गवत वाळून कुरकुरीत झालंय. दंव कुठून आणू?
तीन फेऱ्या केल्या. ११६.४, ११६.१, ११६.६.

२९ मार्च, रविवार
व्हायचं ते झालं. चिऱ्यापाशी टेप लावून वाकले होते, मागून दिनू.
"काय मोजतेस गो?"
"गाडीचं अंतर."
"गाडी तर घरात आहे."
मग मी सरळच विचारलं. "चिरा हलवलास?"
त्याने चिऱ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "फेब्रुवारीत टेम्पो मागे घेताना लागला होता. आडवा झाला. मी उभा केला."
"मला का नाही सांगितलंस?"
"त्यात सांगायचं काय? होता तिथेच उभा केला."
"कशावरून तिथेच?"
"डोळे आहेत ना मला. लहानपणापासून बघतोय."
रस्त्याचंही विचारलं. म्हणाला, तसली माणसं दर वर्षी येतात, बघतात, नारळपाणी पितात, जातात. मग एकदम आवाज चढला. "मला त्या खेळण्याच्या चाकावरून विचारतेस? माझ्याच चाकावरून?"
गेला. मी तिथेच बसून राहिले. चिऱ्याच्या बुडाशी हात फिरवून बघितला. माती भुसभुशीत होती. टेम्पो लागला असेल तरी भुसभुशीतच लागणार.
दिनू आठ वर्षांचा असताना याच सड्यावर त्याच्या पायात काटा मोडला होता. मी पाठीवर घेऊन आले होते. त्याचा याच्याशी काय संबंध? काही नाही.

२ एप्रिल
रागाने घोरपड जोरात चालवली. दगडी गडग्यावरून खाली. डावा सांधा तुटला. दोष माझा.

५ एप्रिल
सरकारी मोजणीचा अर्ज या आठवड्यात आणला होता. दोघांच्या सह्या हव्यात असं तिथला माणूस म्हणाला. आज दिनूकडे नेला. तो जेवत होता. वैशालीने हात पुसून कागद घेतला, वाचला, त्याच्यासमोर धरला.
"ठेव तिथे. बघतो."
"विरोध आहे का तुझा?"
"बघतो म्हटलं ना."
वैशाली मला दारापर्यंत सोडायला आली. दर वेळी येते. आज मी चप्पल घालतेय तोवर आत वळली.

११ एप्रिल
सही नाही, निरोप नाही. फोन करायला हात जातो, मागे येतो. तो खरा असेल तर मी त्याला काय म्हणून बसले? आणि खोटा असेल तर या दोन वर्षांतले रविवार कसले होते?

१२ एप्रिल, रविवार
सकाळी पडवीत खडखडाट. दिनू. वेल्डिंग मशीन घेऊन आलेला, तुटलेला सांधा घासत बसलेला. सांधा तुटल्याचं त्याला कोणी सांगितलं? मी नाही.
चहा ठेवला. प्यायला. अर्जाचं त्याने काढलं नाही, मीही नाही.
"ताई, हे धर घट्ट."
धरलं. ठिणग्यांकडे बघायचं नसतं म्हणून तोंड फिरवलं. पट्टी गरम झाली तरी सोडली नाही. तो म्हणाला, "भाजेल, फडकं घे." फडकं त्यानेच दिलं.
काम छान केलं. नेहमीसारखंच. मशीन गुंडाळताना म्हणाला, "चार दिवस सपाट अंगणातच फिरव. चिऱ्याच्या बाजूला नेऊ नको. सांधा कच्चा आहे अजून."
तो गेल्यावर हातोडी घेतली आणि सांधा चारी बाजूंनी ठोकून बघितला.
पक्का आहे.