व्याह्यांना चिचेचा तळ दाखवताना

क्लिसा, गुरुवार

तीर्थस्वरूप तोमासाआक्कांना,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे हिलारियोनचा, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या तारात्याची चढण अजून पायीच चढता, असं बसवाला सांगत होता, जपून असावं. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत (डुक्कर सोडून, त्याचं पुढे येईलच). तुमच्या बहिणीने तुमची आठवण काढली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण निकानोरा तुमचं नाव घेत नाही आणि तुम्ही तिचं, हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे. तेव्हा खोटं कशाला लिहू?

तर रविवारी आमच्या नातवाचं जावळ आहे. निकानोरा लेकीला आणि बाळाला आणायला सुक्रेला गेलीय, शनिवारी येईल. जाताना मोठ्या रांजणातली चिचा माझ्या हवाली केली. हुकूम दोनच. टोपलीत गवत अंथरून एकदाच गाळायची, आणि रांजणाच्या तळाला हात लावायचा नाही. मका आंबवून चिचा कशी करायची हे तुमच्या माहेरच्या बायकांना मी काय सांगणार? पण चिचा विकायला तयार झाली की दारावर पांढरं निशाण चढवायचं काम इतकी वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे आतलंही थोडंफार कळतं असा माझा समज होता.

घोळ सुरू केला तो व्याह्यांनी. वाल्तेरराव सांताक्रूझचे, बाटलीतली बिअर पिणारे. लेकीच्या लग्नात त्यांनी चिचेने भरलेला भोपळ्याचा कटोरा उन्हात धरला आणि म्हणाले, विहीणबाई, चव झकास, पण तळ दिसत नाही हो, खाली काय दडवलंय? सगळे हसले. निकानोराही हसली, आणि मग आठवडाभर भांडी आपटत होती. (मी त्या आठवड्यात जिना उतरतानाही आवाज करत नव्हतो.) हाच माणूस रविवारी पहिल्या रांगेत बसणार. म्हणून मी मनाशी ठरवलं की यंदा त्याला तळ दाखवायचाच, आणि बायकोची मान ताठ करायची. हेतू चांगला होता, एवढं तुम्ही लक्षात घ्याल.

गवतातून गाळली, गढूळच. पिठाच्या पोत्यातून गाळली, तरी तीच. मग आणखी बारीक विणीचं कापड हवं म्हणून निकानोराच्या पेटीतला सणाचा परकर काढला, तो लेसवाला. आता त्या परकराला खळ घातलेली असते, इतकी की तो एकटा उभा राहतो, हे मी रोज बघतो. पण बघणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. सगळी खळ चिचेत उतरली. चिचा पांढरीफटक झाली आणि परकर मऊ पडला. (त्याला मी परत खळ घालून वाळत टाकलाय. तो आता उभा राहत नाही, पण टेकून बसतो.) मग अंड्यांचं पांढरं घुसळून ओतलं. वर साय आली, खाली ढग तसेच. शेवटी बाजारात कोणीतरी म्हणालं, गाईच्या खुरांची जेली घाल, सगळा गाळ खाली ओढून नेते. मी गेलो आणि मिठाईवालीकडून घेऊन आलो, ती गुलाबी फेसाची, दालचिनीवाली. साधी मिळते हे नंतर समजलं.

पण आक्का, जमलं. सकाळी बघतो तर चिचा अशी नितळ की तळाची चीर दिसावी. रंग जरा गुलाबी होता, तो मी मनावर घेतला नाही. वरची चिचा घागरींत भरली, तळाचा गाळ डुकराला घातला, आणि रांजण कढत पाण्याने खसाखसा घासून टाकला.

शेजारच्या सेनोनला चाखायला बोलावलं. त्याने आधी धरणीमातेला दोन थेंब सांडले, मग भोपळ्यात बघितलं, मग माझ्याकडे. "काय रे, वहिनी घरात नाही म्हणून इतकं पाणी ओतायचं?" एक घोट घेतला आणि भोपळा खाली ठेवला. उरलेली चिचा ठेवून सेनोन उठलाय, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. चव अशी, की औषधाच्या बाटलीत कोणी बर्फी विसळलीय. जीवच नाही तिच्यात. "गाळ कुठंय?" त्याने विचारलं. मी गोठ्याकडे बोट दाखवलं. डुक्कर पाय वर करून घोरत होतं. सेनोनने टोपी काढली.

तेव्हा मला तळाला हात न लावण्याचा अर्थ कळला. तो गाळ म्हणजे तुमच्या आईचं विरजण होतं. त्यावरच दर खेपेची चिचा धरते. निकानोराने ते इतकी वर्षं पोरासारखं सांभाळलं, आणि मी ते डुकराला पाजलं. मला फार वाईट वाटतंय. रविवारी ही गुलाबी चिचा बाहेर आली तर निकानोराच्या दारावर पुन्हा निशाण लावायला मी कोणत्या तोंडाने जाऊ?

बाकी क्षेम. गुडघ्यांना शेक देत जा.

तुमचा,
हिलारियोन

ता. क. तुमच्याकडचं विरजणही त्याच रांजणातलं, असं तुम्ही म्हणता. निकानोरा म्हणते तुमचं बाजारातलं आणि खरं तिचंच. तुमचा अबोला त्याच्यावरून, आणि त्यात मी कधी पडलो नाही. आज पडतो. एक बाटलीभर द्या. आजच पाठवलंत तर रविवारपर्यंत चिचा परत उठेल, गढूळ होईल.

ता. क. आणखी एक. बाटली बसवाल्याकडे द्या आणि कोणी विचारलं तर माझ्या पाठीला चोळायचं औषध म्हणा. निकानोराला यातलं अक्षर कळता कामा नये.

आक्का, मी निकानोरा. दोन दिवस आधीच आले. हा माणूस पत्र घेऊन बसची वाट बघत होता आणि त्याच बसमधून मी उतरले. पत्र वाचलं, रांजणही पाहिला. परकराचं नंतर बघते. आईचं विरजण आता फक्त तुझ्याकडे आहे. ते आईचंच आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. बाटली बसवाल्याकडे देऊ नकोस, तो वाटेत पितो. तूच घेऊन ये. बाळाची पहिली बट कापायचा मान कोणाचा, ते मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.