तक्त्यातला चौथा रकाना

१२ जानेवारी, सायं. ५
लॅबमध्ये 'रासायनिक अभिक्रियांचे प्रकार' या तक्त्यावरची धूळ पुसली. अठरा वर्षांपूर्वी मीच रंगवलेला. पुसताना दिसलं: लोखंडाचा खिळा आणि नीला थोथा (मोरचूद) चौथ्या रकान्यात, म्हणजे द्विविस्थापनात! असायला हवेत तिसऱ्यात. लोखंड आत आलं, तांबं बाहेर गेलं, झालं साधं विस्थापन. दोन जोड्यांची अदलाबदल झाली तरच द्वि.

अठरा वर्षं दहावीला हेच शिकवतोय. असो. उद्या वर्गात सांगून टाकीन. दोन मिनिटांचं काम.

१३ जानेवारी
सांगितलं नाही. मुलं सर्दीने बेजार होती. सर्दीत डोक्यात काही शिरत नाही.

१५ जानेवारी
काल संक्रांत. विक्रांत तिळगूळ घेऊन आला. माझा जुना विद्यार्थी, इथे उज्जैनातच टावर चौकात औषधांचं दुकान आहे. पाया पडून म्हणाला की सर, आपका चार्ट आज भी आँखों के सामने है.
माझ्याही. डोळे मिटले की खिळा दिसतो.

१९ जानेवारी
देवास गेटला कुणीतरी मागून सर, सर म्हणून हाक मारली. मी केळीवाल्याच्या ठेल्याआड लपलो. घाबरून नव्हे, घाई होती.

हिशेब केला. उज्जैनात माझे हजारावर विद्यार्थी फिरताहेत. एकेकाच्या डोक्यात एकेक खिळा.

२२ जानेवारी
निर्णय पक्का. सोमवारी सांगणार. तोवर तक्त्यावर कॅलेंडर टांगलं.

२७ जानेवारी
काल सुट्टी होती म्हणून सोमवार हुकला. आज सांगणारच होतो, पण खिडकीतून वारा आला, कॅलेंडर हललं आणि चौथा रकाना डोकावला. मला दरदरून घाम. उरलेला तास कॅलेंडरला पाठ टेकून शिकवलं. मुलांना वाटलं असेल, सरांची कंबर धरली.

१ फेब्रुवारी, दु. ३
जेवून जरा डुलकी लागली. सगळ्या बॅचेस ओळीने उभ्या. हातात निळे बीकर. नुसत्या बघताहेत. ओरडत उठलो. जयूने विचारलं, काय झालं? म्हटलं, ॲसिडिटी. बायकोला कशाला टेन्शन द्यायचं.

७ फेब्रुवारी
बोर्डाआधीची शेवटची चाचणी तपासली. खिळ्याचा प्रश्न मीच घातला होता. म्हटलं, एकाने तरी बरोबर लिहिलं तर सुटलो. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न द्विविस्थापन! इशितानेसुद्धा. ती मेरिटमध्ये येणार असं अख्खी शाळा म्हणते. एका मार्काने हुकली तर पाप माझ्या माथी.

सगळ्यांना पूर्ण मार्क दिले. जे शिकवलं तेच लिहिलंय, मार्क कापणं अन्याय झाला असता.

११ फेब्रुवारी
तसं पाहिलं तर विज्ञान बदलत असतं. उद्या द्वि ठरेलही.
नाही ठरणार. आता लॅबमध्ये एकटं जायची भीती वाटते.

१४ फेब्रुवारी, दु. १
सांगितलं. आज शेवटचा तास होता, पळायला जागाच नव्हती. कॅलेंडर काढलं, खडूने मोठ्या अक्षरात 'विस्थापन' लिहिलं आणि म्हणालो की मुलांनो, अठरा वर्षं माझी चूक झाली.

कुणी पेन उचललं नाही. एकमेकांकडे बघत बसले. मग इशिता उठली आणि हळूच म्हणाली, सर, हमें पता है. बोर्डात विस्थापनच लिहिणार, द्वि फक्त तुमच्या पेपरात. दरवर्षी सीनियर सांगून जातात, दत्तात्रय सर के लिए अलग, बोर्ड के लिए अलग.
मला का नाही सांगितलंत, असं विचारलं. तर म्हणाली, आपको बुरा लगता.

सायं. ६
गौरीला इंदूरला फोन केला. माझी मुलगी, नऊ वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होती. विचारलं, तुलाही माहीत होतं का गं?
म्हणाली की बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण सीनियर देतात त्या यादीत असे नऊ प्रश्न आहेत. खिळा पाचवा.
बाकीचे आठ कोणते ते विचारलं नाही. तब्येत सांभाळ म्हणालो आणि फोन ठेवला.