सतराव्या प्रश्नाची दुरुस्ती

सोमवार, ८ ऑगस्ट २००५

नाही! मनिषाने दुरुस्ती केली होती. इथे लिहून ठेवतो, कारण आज ऑफिसात कुणी ऐकून घेतलं नाही.

काल क्लासच्या चारशे मुलांनी भौतिकशास्त्राचा सराव-पेपर सोडवला. सतराव्या प्रश्नाचे चारही पर्याय चुकीचे. सकाळी पालक दारात. उदगीरचे एक जण म्हणत होते, पोराला लातूरला ठेवलं ते याच्यासाठी का? राघवेंद्र सरांनी – क्लास त्यांचा – मनिषाला सगळ्यांसमोर उभं केलं. पेपर ती टाइप करते. बिलोलीची पोरगी, दोन वर्षांत तिच्या कामात मी खोट पाहिली नाही. ती म्हणाली, शनिवारी दुरुस्ती करून ठेवली होती, सकाळी छापलं तर जुनंच निघालं.

सर म्हणाले, "मग काय भुतानं पुसलं? या शनिवारच्या पेपरात एक चूक निघू दे, रविवारी तू घरी."

मी मध्ये बोललो. सर म्हणाले, "शरणप्पा, तुम्ही तुमची मशीनं बघा."

बघतो. तेच बघतो आता.

श्रावणी सोमवारचा उपास. डोकं तापलेलं, पण भूक नव्हती.

मंगळवार, ९ ऑगस्ट

सकाळी इष्टलिंगाची पूजा केली, मन लागलं नाही. हातात लिंग आणि डोळ्यांपुढे सतरावा प्रश्न.

सरांनी कम्प्युटरच्या दुकानातून श्रीनाथला बोलावलं. वय तिशीच्या आत, कमरेला दोन मोबाइल. आमचा सर्व्हर लिनक्सचा, बाकी नऊ मशीन विंडोजची. ते पाहूनच हसला. म्हणाला, फुकटचं ते फुकटच असतं आप्पा, हे दोघं एका घरात नांदत नाहीत, काढून टाका.

चार वर्षं नांदले की! मीच नांदवले. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसन कार्यालयात याद्या टाइप करत कम्प्युटर शिकलो तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. मुखेडकडच्या शाळेत पाटी-पेन्सिल, आणि एकदम हे. जे शिकलो ते चुकत चुकत शिकलो. एका हसण्याने काढून टाकू?

व्यवस्था अशी : प्रत्येकाच्या फायलींचं गाठोडं सर्व्हरवर. कुठल्याही मशीनवर नाव-पासवर्ड टाकलं की आपलं गाठोडं तिथे उतरतं. काम संपवून बाहेर पडलं की परत सर्व्हरवर चढतं. मनिषा सराव-खोलीतल्या मशीनवर टाइप करते, मग सरांच्या ऑफिसात जाते, कारण प्रिंटर तिथे. प्रूफ काढते, दुरुस्ती तिथेच करते, घरी जाते. ती दुरुस्ती कधी सर्व्हरवर चढते, कधी नाही.

कधी चढते आणि कधी नाही? एवढंच शोधायचंय.

बुधवार, १० ऑगस्ट

मनिषाशेजारी बसून राहिलो. खोलीत टाइप केलं, बाहेर पडली. मी म्हटलं, चल ऑफिसात. ती म्हणाली, "काका, आधी चहा घेऊ." घेतला. मग ऑफिसात दुरुस्ती. पुन्हा उघडून पाहिलं – दुरुस्ती जागेवर!

गुरुवार, ११ ऑगस्ट

पुन्हा तसंच. टायपिंग, चहा, दुरुस्ती. सगळं जागेवर. श्रीनाथ म्हणतो, तुम्ही बसता म्हणून भूत घाबरतं. सर हसले. म्हणजे तिचाच आळस होता, असा त्या हसण्याचा अर्थ.

मला हसू आलं नाही. आपोआप बरं झालेलं दुखणं मी बरं धरत नाही. मनिषा म्हणाली, "काका, आता चालून राहिलंय ना, सोडा की." का सोडू? तिच्यावरचा डाग तसाच आहे.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

सापडलं.

आज मला घाई होती. तिने चहाचं काढलं, मी म्हटलं आज चहा नको, आधी काम. ती उगाच रेंगाळली, टेबल पुसलं, वही शोधली. मी मागे लागलो. खोलीतून सरळ ऑफिसात. तिने बाराव्या प्रश्नात एक आकडा बदलला, बाहेर पडली, मी लगेच पुन्हा आत शिरायला लावलं – जुनाच आकडा!

फरक फक्त चहाचा. चहाला जातात दहा-बारा मिनिटं. मग मी फायलीवरची वेळ पाहिली. पाच वाजून बारा मिनिटं. आणि ऑफिसच्या मशीनवर वाजले होते पाच वाजून सात.

फाइल अजून न झालेल्या वेळेची!

आता सगळं सरळ आहे. क्लासमधली घड्याळं दहा मिनिटं पुढं. मुलं वेळेवर यावीत म्हणून सरांची पद्धत. लातुरात पुष्कळ क्लासांत आहे. जूनमध्ये सर म्हणाले, सराव-खोलीतल्या आठ मशीनांचीही वेळ पुढं करा, मुलं पडद्यावरचं घड्याळ बघतात. "माझं मशीन सोडा," म्हणाले, "मला खरी वेळ लागते." सर्व्हर रोज सगळ्यांना खरी वेळ द्यायचा. ती वेळ देणारी आज्ञेची ओळ मी पुसली, आठही मशीनं पुढं केली.

दोन फायलींत नवी कोणती, ते ही व्यवस्था वेळेवरून ठरवते. खोलीतली फाइल दहा मिनिटं पुढची, म्हणून ऑफिसातली दुरुस्ती तिला जुनी वाटते. जुनी समजून टाकून देते. मनिषा जितकी झटपट काम करी, तितकं ते वाया जाई. ज्या दिवशी निवांत राहिली, त्या दिवशी टिकलं.

लिनक्सचा दोष नाही. विंडोजचा नाही. मनिषाचा तर नाहीच. ओळ पुसणारा हात माझा.

जूनमध्येच नको म्हणायला हवं होतं. पुनर्वसनाच्या यादीत मृत्यूच्या वेळेचा रकाना होता. पानामागून पान एकच वेळ, मी टाइप केलेली. ती वेळ मला पाठ आहे. त्यानंतर घड्याळाशी खेळ करायला माझं मन घेत नव्हतं, तरी सर म्हणाले म्हणून केला. नोकरीचं भय. दुसरं काही नाही.

बारावा प्रश्न नीट करून ठेवला. उद्याचा पेपर शुद्ध आहे.

शनिवार, १३ ऑगस्ट

पेपर झाला. एकही चूक नाही. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मनिषा तसं डोळ्यांनी सांगतही होती.

सकाळी आठही मशीन खऱ्या वेळेवर आणली, पुसलेली ओळ परत लिहिली आणि मग सरांपुढे गेलो. सगळं सांगितलं. मनिषाची चूक नव्हती, माझी होती.

सर म्हणाले, "ठीक आहे. माझ्या मशीनची वेळही पुढं करा. विषय संपला."

उपाय बरोबर होता. अगदी बरोबर. सगळी सारखीच खोटी झाली तर फायली भांडणार नाहीत.

मी म्हटलं, "नाही करणार, सर."

"काय?"

"एकदा केलं. त्याचं काय झालं ते चारशे मुलांनी सोडवलं. आता दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. आणि मनिषाची माफी मागा, सगळ्यांसमोर. बोललात सगळ्यांसमोर."

आवाज चढला नाही माझा. त्याचंच मला नवल वाटलं.

सर म्हणाले, मंगळवारपासून येऊ नका. श्रीनाथ बघेल. मनिषा राहू दे. माफीबद्दल अवाक्षर नाही.

किल्ल्या टेबलावर ठेवल्या. जिना उतरताना पाय हलके होते. पन्नाशीला टेकलेल्या माणसाचे, काम गेलेल्या माणसाचे! गेलं तर गेलं. ती पोरगी सुटली.

रविवार, १४ ऑगस्ट

पूजेत मन लागलं. बऱ्याच दिवसांनी.

मंगळवार, १६ ऑगस्ट

मनिषा घरी आली होती. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, गेल्या मंगळवारीच तिने फायलीवरची वेळ पाहिली होती. जूनमध्ये ती वेळ पुढं करताना मला पाहिलंही होतं. सांगितलं असतं तर सरांनी मला काढलं असतं, म्हणून चहाचं निमित्त करून दहा मिनिटं थांबायची. शनिवारचा पेपर नीट गेला की सगळे विसरतील, असा तिचा हिशेब.

"मला कुठंबी टायपिंग मिळालं असतं, काका. तुम्हाला या वयात कोण घेणार? म्हणून मी गप होते." मग म्हणाली, "तुम्ही शोधायचं थांबलाच न्हाईत."