डावीकडचं दिसेना

गोमती नगर, लखनौ
९ फेब्रुवारी २०२५

ती. सुबोधदादास,
विनयाचा नमस्कार.

फोनवर रडूच येतं, म्हणून लिहिते. गुरुवारी सकाळी यांनी गाडीने एका बाईंना उडवलं. प्रतिमाजी, शाळेत शिकवतात. ई-रिक्षातून उतरून भाजीच्या ठेल्याकडे वळल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वाचल्या.

हे थांबले नाहीत. लोकांनी पुढे धावून गाडी अडवली, तेव्हा यांनी काच खाली करून विचारलं, "क्या हुआ, भैया?" दादा, यांना कळलंच नव्हतं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात काचबिंदू. डावीकडचं जवळजवळ काही दिसत नाही, आणि असं वर्षभरापासून तरी असणार. मग ऑगस्टमध्ये आम्ही नाशिकला आलो तेव्हा लायसन्सच्या डॉक्टरी दाखल्यासाठी तू तपासलंस, तेव्हा तुला कसं आढळलं नाही? रागावले नाही. समजून घ्यायचंय.

माया आहे, ती तशीच असू दे.
तुझी विनया

नाशिक
१५ फेब्रुवारी

चि. विनयास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. खरं लिहितो. मी पंढरीनाथरावांना तपासलंच नाही. जेवणं झाली, त्यांनी फॉर्म पुढे केला, थट्टा केली की जगाला दाखले देता, एक आम्हालाही द्या. मी हसत सही केली. तपासायला दहा मिनिटं लागली असती.

तिथल्या पोलिसांना हे लेखी कळवतो आहे. तुझ्या दारात उभं राहायचा धीर होत नाही, तरी येऊ का?

भाऊ म्हणून जवळ ठेव.
सुबोध

गोमती नगर, लखनौ
२३ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्यांना लिही, फॉर्म मीच पुढे केला होता.

पण दादा, वर्षभर मी शेजारी बसून सांगत आले: डावीकडे स्कूटर आहे, माणूस आहे, थांबा. यांना टोकलेलं आवडत नाही, म्हणून गप्पांच्या ओघात सांगायचे. मला वाटायचं, वय झालं, लक्ष राहत नाही. त्या गुरुवारी माझा गुडघा दुखत होता. मी गेले नाही.

काल आम्ही हॉस्पिटलात गेलो. मला दिसत नव्हतं, असं यांनी प्रतिमाजींना सांगितलं. पोलिसांनाही तेच लिहून दिलंय. प्रतिमाजींनी सगळं ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "घर में किसी को पता नहीं था?"

हे नाही म्हणणार होते. त्याआधी मी म्हटलं, "मुझे पता था।"

तू ये. अंतर देऊ नकोस.
विनया