ज्यानं काढला, त्यानंच लावायचा

प्रिय अहो,

हसू नका. जन्मभर तुमचं नाव तोंडाने घेतलं नाही, ते आता पत्राच्या डोक्यावर कसं लिहू? "प्रिय अहो" एवढ्यावर भागवून घ्या.

नाक्यावर तुमचा बॅनर लागलाय. तुमच्या भाच्याच्या लग्नातला निळ्या शर्टातला फोटो, आणि शेजारी हात जोडलेले आपले पुढारी साहेब. साहेबांचा फोटो तुमच्यापेक्षा मोठा! गेलं कोण तेच कळत नाही. खाली लिहिलंय, तुमच्या स्मरणार्थ चाळीपुढच्या नळाचं लोकार्पण, साहेबांच्या शुभहस्ते. उद्या सकाळी कार्यक्रम आहे आणि मला स्टेजवर खुर्ची ठेवलीय. म्हणून दुपारची जेवणं उरकून ओट्यावर लिहायला बसले. उद्या मी काय करणार ते आधी तुमच्या कानावर घालते, म्हणजे तिकडून डोळे वटारायला नकोत.

आठवतं, निवडणुकीच्या सभेत साहेब काय बोलले होते? उलव्यात पाणी पुरत नाही ते या बाहेरून आलेल्या लोकांमुळे, म्हणे. "आपल्या पाण्याला बाहेरच्याचा हात लागता कामा नये!" टाळ्या काय पडल्या! तुम्ही तेवढे हात मांडीवर ठेवून बसला होतात. मी कोपराने ढोसलं, निदान दाखवायला तरी वाजवा. तर उठून घरी आलात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची पोरं आपल्या भाडेकरूंच्या चाळीपुढे. पान्याने नळ खोलला, पाइपाला बूच मारलं, सुनीताचा हंडा लाथेने उडवला. तिचा नवरा रामेश्वर मध्ये पडला, तर त्याचा हात पिरगळून मोडला. झारखंडहून टॉवरच्या सेंट्रिंगच्या कामाला आलेला माणूस, त्याचं सगळं पोट त्या हातावर. परभणीकडची दोन घरं ओरडत होती, "आम्ही मराठीच आहोत, दादा!" ऐकतंय कोण?

पोलिसांत तक्रार झाली ती अनोळखी इसमांवर. अनोळखी! सगळं गाव त्यांना नावानं ओळखतं. आणि ज्यांच्या बोलण्यावरून ती पोरं आली, त्यांचं नाव तर कोणी उच्चारलंच नाही.

तुम्ही मात्र थेट साहेबांच्या ऑफिसात. काय झालं ते तुमच्याकडून नाही, बाळू भावोजींकडून कळलं मला. साहेबांनी चहा मागवला, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "काशिनाथ, तू आपला मानूस. तू कशाला मधी पडतंस?" तुम्ही म्हणालात, "नळ तुमच्या बोलन्यानी गेला. तुमीच येऊन लावा. आनि चुकलो म्हना." त्यावर साहेब म्हणाले, "बघतो." मग तुम्ही जात राहिलात आणि ते बघत राहिले.

मी किती डोकं फोडलं तुमच्यापुढे! अहो, आपल्या ओळखीतला प्लंबर बोलवा, चुटकीसरशी काम होईल, लोकांची तरी सोय होईल. तर तुमचं एकच पालुपद. "प्लंबर नळ लावंल गो हिरा. पन चुकला कोन, ते कोन सांगंल? ज्यानी काढला त्यानीच लावाचा." असला हट्टी माणूस! आणि तोवर रोज सकाळी आपल्या टाकीला पाइप लावून चाळीतले हंडे भरत बसायचात. माझे कपडे धुवायचे राहायचे, त्याचं काही नाही.

पण एकदा मी फारच कटकट केली, तेव्हा तुम्ही पाइप खाली ठेवलात आणि म्हणालात, "आपल्याला पन म्हनाले होते, ते नवीन आलेले. इसरलीस?" आपलं जुनं गाव विमानतळात गेलं, टेम्पोत भांडीकुंडी भरून आपण इथे आलो, आणि नव्या शेजारणीने मला विचारलं होतं, "तुमी विमानतळवाले ना?" बोलली ती सहज, पण तुम्ही त्या रात्री जेवला नव्हतात. मला वाटायचं, तुम्ही ते केव्हाच सोडून दिलंत. छे! तुम्ही कसलं सोडताय?

मग त्या सकाळी पाणी सोडून ओट्यावर टेकलात ते टेकलातच. सुनीताच धावत आली मला बोलवायला. निरोप नाही, काही नाही. असं जातं का हो कोणी?

आता दहाव्याचं सांगते, कारण तिथे तुम्ही मला चांगलंच तोंडघशी पाडलंत. मी मनात सगळं ठरवलं होतं. खाडीकिनाऱ्यावर पिंड ठेवला की कावळा काही लवकर शिवायचा नाही. एवढी मोठी इच्छा राहिलेली माणसाची, कसा शिवेल? मग नेहमीसारखं सगळे एकेक करून शब्द देणार, मुलांचं बघू, वैनींचं बघू. कावळा तरी यायचा नाही. मग मी साहेबांकडे बघून म्हणणार, नळाचं राहिलंय त्यांचं, द्या शब्द. चारचौघांत, पिंडासमोर दिलेला शब्द माणूस मोडत नाही. साहेबसुद्धा नाही.

आणि तुम्ही काय केलंत? पिंड ठेवून भटजी मागे सरले नाहीत तोच कावळा हजर! साहेबांची गाडी अजून पुलापलीकडे होती. सगळे म्हणाले, "काशिनाथशेठ तृप्त गेले." तृप्त? कुणाला अवघडायला लावायचं नाही, ही तुमची सवय मेल्यावरही सुटली नाही! इतका राग आला ना तुमचा, की रडायचं राहून गेलं.

साहेब आले, उशिराच. माईक घेतला. तुम्ही गोरगरिबांचा आधार होतात, साहेबांचे जिवाभावाचे मित्र होतात, असं बरंच काही. आणि मग म्हणाले, "काशिनाथशेठचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही."

मी उठले. दहाव्याला आपल्यातली बाई उठून बोलत नाही, माहीत आहे मला. बाळू भावोजींनी खुणा केल्या, "वैनी, बसा." मी बसले नाही. म्हटलं, "साहेब, ह्यांनी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. तो नळ कधी लावताय?"

"वैनी, आज ती वेळ नाय."

"वेळ तुमी निवडली, माईक तुमी घेतला. मी फक्त विचारते."

रामेश्वर आणि चाळीतली माणसं मागे उभी होती, वाकड्या हाताचा रामेश्वर सगळ्यांत पुढे. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग गर्दीकडे बघितलं आणि म्हणाले, "लावतो. काशिनाथशेठच्या नावानी लावतो!" अहो, लोकांनी टाळ्या वाजवल्या! तुमच्या दहाव्याला! मग एकेकाच्या लक्षात आलं आणि हात खाली गेले.

नळ लागलाय. गुलाबी टाइल्सचा कट्टा, वर कोनशिला, त्यावर तुमचं नाव सोनेरी अक्षरात. खोटं कशाला बोलू, काल जाऊन हात फिरवून आले त्यावरून. बरं वाटलं. भावोजी म्हणतात, "पानी आला ना? आता विषय संपवा." मलाही क्षणभर वाटलं, संपवावा.

पण आज सकाळी सुनीता दारात आली. म्हणाली, "चाची, कल साहब बोलेंगे ना, कि उनसे गलती हुई?" मी म्हटलं, बॅनरवर तसं काही नाही बाई. ती म्हणाली, "फिर तो फिर से निकाल देंगे। अगले चुनाव में।" आणि हंडा उचलून गेली. रामेश्वरचा हात वर जात नाही अजून. साइटवर आता त्याला झाडू मारायला ठेवलंय.

तुमचं म्हणणं मला तेव्हा पटलं. कबूल! खूश? नळ लागला, पण काढला कोणी ते कोणीच सांगितलं नाही. उलट ज्यांनी काढायला लावला, तेच उद्या दाते म्हणून फीत कापणार, आणि झाकायला तुमचं नाव वापरणार. तुमचं नाव! जे मी कधी भाजीवाल्यापुढेसुद्धा घेतलं नाही.

तर ऐका. उद्या मी जाणार आहे. ती हिरवी साडी नेसून, तुम्हाला आवडायची ती, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. रामेश्वर आणि सुनीता माझ्यासोबत स्टेजवर येतील, खुर्च्या नसल्या तर उभे राहतील. साहेबांनी फीत कापायच्या आधी मी माईक मागणार. आयुष्यात तुमचं नाव घेतलं ते उखाण्यात, लाजत, कोणीतरी दार अडवलं म्हणून. उद्या सरळ घेणार. म्हणणार, "माझे पती काशिनाथ यांनी विचारलं होतं, हा नळ कोणाच्या बोलण्याने गेला? त्यांना उत्तर मिळालं नाही. आता मी विचारते."

साहेब चुकलो म्हणाले, तर पहिला हंडा सुनीता भरेल आणि मी टाळ्या वाजवीन, मनापासून. नाही म्हणाले, तर पाणी लोकांचं आहे, ते वाहू दे. पण तुमचं नाव मी त्या दगडावर ठेवणार नाही. परवासाठी गवंडी सांगून ठेवलाय. आणि पुढच्या सभेत पहिल्या रांगेत बसून पुन्हा हेच विचारीन. शब्द दिला, अहो. मला कावळा लागत नाही.

तुमची,
हिरा